साडेतीन ओळी

सासूबाई दुपारी दीड वाजता घरी आल्या, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे सुनेला कळलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत ही बाई कोर्टातून साडेपाचच्या आत कधी घरी आली नव्हती. सून त्या दिवशी घरी होती ती केवळ स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला माणूस यायचा होता म्हणून. सासूबाईंनी चपला काढल्या, नेहमीसारख्या भिंतीशी जोडीने लावल्या आणि पर्समधून एक लिफाफा काढून टेबलावर टाकला. ठेवला नाही, टाकला.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाच. माझं वाचून झालंय."

पत्र कोर्टाच्या रजिस्ट्रारांचं होतं. बॉयलर स्फोटाच्या खटल्यात मुख्य साक्षीदाराच्या जबानीतला महत्त्वाचा मजकूर 'हेतुपुरस्सर वगळल्याच्या सबळ संशयावरून' स्टेनोबाईंना निलंबित करण्यात येत आहे, चौकशी पुरी होईपर्यंत त्यांनी बोलावल्याखेरीज कोर्टाच्या आवारात येऊ नये, वगैरे वगैरे.

सुनेने 'हेतुपुरस्सर' हा शब्द दोनदा वाचला. जी बाई लेकाने पाठवलेल्या मेसेजमधले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून तो त्याला परत पाठवते, तिने साक्षीदाराच्या तोंडचा मजकूर गिळला?

"पण झालं काय, आई?"

"झालं काय ते मला कळलं असतं तर मी त्यांना तिथल्या तिथे सुनावून आले असते." सासूबाई खुर्चीत बसल्या आणि जबानी सांगावी तसं सगळं क्रमाने सांगायला लागल्या.

कारखान्यात बॉयलर फुटून दोन कामगार गेले होते. त्या बॉयलरवरचा फिटर साक्षीला उभा होता. वकिलाने त्याला विचारलं, झडप बिघडल्याचं तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? फिटरने उत्तर दिलं. सासूबाईंनी ते टाइप केलं, पडद्यावरून त्याला वाचून दाखवलं, तो "बरोबर" म्हणाला. न्यायाधीशांनीही आपल्या पडद्यावर मजकूर पाहिला. साक्ष पुढे चालू राहिली. पाच वाजता यंत्रं बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहीसाठी छापील प्रत काढली, तर त्या प्रश्नाखाली एवढंच उत्तर होतं: 'ही म्हणून मी परत कामावर गेलो.'

"पुढच्या साक्षीचा एक शब्द हललेला नाही. नेमक्या याच उत्तराच्या पहिल्या साडेतीन ओळी गायब," सासूबाई म्हणाल्या. "'नाही' या शब्दातला 'ना'सुद्धा गायब. आणि तो काय बोलला होता, ते मला पाठ आहे. 'झडप अडकते हे मी मॅनेजरसाहेबांना तीन वेळा सांगितलं. एकदा तोंडी, दोनदा लेखी. ते म्हणाले, आधी माल बाहेर पडू दे, मग बघू. कुणी ऐकलं नाही म्हणून मी परत कामावर गेलो.' आता वाच काय उरलं ते! जणू माणूस झडप बिघडलेली बघून मजेत परत कामाला लागला!"

फिटरने सही करायला नकार दिला होता. वकिलांची बाचाबाची झाली होती. आणि रजिस्ट्रारांच्या खोलीतून बाहेर पडताना, गेलेल्या एका कामगाराची बायको सासूबाईंच्या समोर येऊन उभी राहिली होती.

"ओरडली असती तर बरं झालं असतं गं," सासूबाई म्हणाल्या. "नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, किती घेतले?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि नळ अजून का गळतोय म्हणून चौकशी करायला लागल्या.

सुनेचं लक्ष एकाच वाक्यावर अडकलं होतं. संध्याकाळी पडद्यावर होतं, सकाळी नव्हतं.

सुनेची नोकरी कसली, हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. ती कर्नेलवर काम करते, असं लग्नात कुणीतरी सांगितल्यावर नवऱ्याचे एक काका वर्षभर तिला लष्करातली समजून वचकून वागत होते. खरं म्हणजे कर्नेल हा यंत्राच्या पोटातला कारभारी. कुठल्या प्रोग्रामला मेमरीतली किती जागा द्यायची, कुणाचं लिहिलेलं केव्हा डिस्कवर उतरवायचं, हे सगळं तो बघतो. लोकांना तो कधी दिसत नाही, आणि दिसू नये हेच त्याचं चांगलेपण. कोर्टाच्या दालनांमधली झाडून सगळी यंत्रं सुनेच्या कंपनीने बनवलेल्या प्रणालीवर चालत होती, आणि मेमरीतली पानं डिस्कवर उतरवणारा भाग सुनेने स्वतः लिहिला होता.

तो प्रकार असा होता. जबानीची फाइल उघडली की तिची पानं मेमरीत मांडली जात. सासूबाईंनी उत्तर पूर्ण केल्याची कळ दाबली की ते अख्खं उत्तर एकदम मेमरीतल्या पानावर लिहिलं जाई, आणि त्या पानावर 'उतरवणं बाकी' अशी खूण लागे. कर्नेल सवडीने खूण लावलेली पानं डिस्कवर उतरवी आणि खूण पुसून टाकी. सुनेने यात दोन नियम घातले होते. एक, खूण आधी पुसायची आणि मग पान उतरवायचं. दुसरा, पान उतरत असताना त्याला कुलूप लावायचं. तेवढ्यात कुणी लिहायला आलं तर त्याने क्षणभर थांबायचं. कुलूप निघालं की लिहायचं, आणि लिहिताक्षणी खूण नव्याने लागणार. म्हणजे काहीही निसटणार नाही.

पण त्या क्षणभराच्या थांबण्यामुळे पडदा अधूनमधून अडखळे. तशी तक्रार आली, आणि कंपनीतल्या विभागप्रमुखांनी ती मनावर घेतली. त्यांचं खरं नाव काहीही असो, सगळे त्यांना पाठीमागे घाईसाहेब म्हणत. त्यांनी हुकूम सोडला, कुलूप काढा. मग कुलूप नसल्यामुळे एकेक पान दोन-दोनदा उतरायला लागलं, म्हणून दुसरा हुकूम आला, खूण शेवटी पुसा. सुनेने तेव्हा तीन पत्रं लिहून सांगितलं होतं की पान उतरत असताना कुणी लिहिलं तर ते लिहिलेलं डिस्कवर जाणार नाही, आणि वर त्याची खूणही पुसली जाईल. मेमरीत मजकूर दिसत राहील, आणि यंत्र बंद झालं की गेला.

"लाखात एखाद्या वेळी," घाईसाहेब म्हणाले होते.

तिचं मूल तेव्हा पाच महिन्यांचं होतं. भांडायचं त्राण नव्हतं. चौथ्या खेपेला सुनेने मंजुरीच्या कागदावर लिहिलं, 'हरकत नाही', आणि सही केली.

आता दोन वर्षांनी ती गळत्या नळासमोर उभी होती आणि तिला स्वतःचाच असा संताप आला होता की नळवाल्याने पाना मागितला तर तिने त्याच्या हातात लाटणं दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात गेली ती थेट शंकासुराच्या टेबलाशी. शंकासुर म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना तपासनीस. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कुणी "काम झालं" म्हणालं की त्याचं उत्तर ठरलेलं, "कशावरून?" कोर्टाची तक्रार त्याच्याकडेच आली होती, फाइलच्या प्रतीसकट.

"आधीच सांगते," सून म्हणाली. "ज्यांच्यावर ठपका आहे त्या माझ्या सासूबाई आहेत."

शंकासुराने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग तू नुसती बघ. हात मी लावतो. उद्या कुणी म्हणायला नको."

त्याने फाइल अक्षरशः खणाखणाने, म्हणजे अक्षरं साठवणारी एकेक बारीक जागा सुटी करून, उलगडून दाखवली. वकिलाचा प्रश्न दिसला. त्याच्यापुढे मजकूर नव्हता, पण जागाही मिटलेली नव्हती. तीनशे एकोणतीस खण, सगळ्यांत शून्य. त्यानंतर 'ही म्हणून मी परत कामावर गेलो.' छापणारा प्रोग्राम शून्याला काहीच नाही असं समजून पुढे गेला होता, म्हणून कागदावर ते भगदाड दिसलं नव्हतं.

"माणसाने ओळी पुसल्या असत्या तर खालचा मजकूर वर सरकला असता," सून म्हणाली. "असं भोक पाडून कोण पुसतं? आणि भोक संपतं कुठे ते बघा."

शंकासुराने आकडा वाचला, चार हजार शहाण्णवने भागला. बाकी शून्य. मेमरीतलं एक पान चार हजार शहाण्णव खणांचं असतं. भोक पानाच्या काठाला अचूक संपत होतं. उत्तराचा पहिला भाग एका पानाच्या तळाला होता आणि उरलेला पुढच्या पानाच्या माथ्यावर. पहिलं पान नेमकं त्याच वेळी डिस्कवर उतरत होतं. त्या पानावर नंतर कुणी काही लिहिलं नाही, कारण ते भरलं होतं. पुढचं पान मात्र सुखरूप उतरलं होतं.

"'ना' अलीकडे, 'ही' पलीकडे," शंकासुर पुटपुटला. मग त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. "पोरी, तू तेव्हा तीन पत्रं लिहिली होतीस ना?"

"आणि चौथ्या कागदावर सही केली होती."

"तपासनीस म्हणून त्याच कागदावर माझीही आहे," तो म्हणाला.

दोघं घाईसाहेबांकडे गेले. घाईसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस अडाणी नव्हता, पहिल्या मिनिटातच त्यांना कळलं होतं. ते सुनेने त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं, आणि म्हणूनच त्यांचं पुढचं बोलणं तिला जास्त झोंबलं.

"हे बघा मॅडम, राग मानू नका. दुरुस्ती आपण करू. पुढच्या आवृत्तीत गुपचूप घालून टाकू. 'कार्यक्षमतेत सुधारणा' म्हणून. पण कोर्टाला असलं काही कळवायचं नाही. एका फाइलवरून आपण स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घ्यायचा का?"

"मग माझ्या सासूबाईंच्या गळ्यातल्या दोराचं काय?"

"म्हणूनच म्हणतो, तुम्ही यात पडू नका. घरचं प्रकरण आहे. लोक म्हणतील, सासूला वाचवायला सून यंत्राला दोष देतेय."

"लोक म्हणतील ते म्हणू देत. फाइल काय म्हणते ते बघा ना!"

"फाइलला तोंड नसतं, मॅडम."

सून खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. शंकासुर मागोमाग आला. "एका भोकावरून कुणी मानणार नाही," तो म्हणाला. "कशावरून, असं मीच विचारलं असतं. घडवून दाखवायला हवं."

पुढचे तीन दिवस दोघांनी तेच केलं. कोर्टातल्यासारखंच जुनं यंत्र आणि तसलीच सुस्त डिस्क गोदामातून आणवली. एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो पानावर मजकूर लिहीत राही आणि त्याच वेळी कर्नेलला ते पान उतरवायला लावी. मग यंत्र बंद करून परत चालू करायचं, आणि लिहिलेलं जागेवर आहे का ते मोजायचं. पहिल्या दिवशी काहीच निसटलं नाही. दुसऱ्या दिवशी शंकासुराच्या लक्षात आलं की कोर्टात दुपारी चारच्या सुमाराला सगळी दालनं एकदम फायली साठवतात, तेव्हा डिस्कवर रांग लागते. त्याने तशी रांग लावून दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी लाखभर लिखाणांत सात भोकं सापडली. सातही पानाच्या काठाला संपणारी. मग सुनेने आपला जुना क्रम परत घातला, आधी खूण पुसायची, पानाला कुलूप, मग उतरवायचं, आणि पुन्हा लाख वेळा लिहून पाहिलं. एक खणही हलला नाही.

त्याच संध्याकाळी कंपनीने कोर्टाला पाठवलेल्या उत्तराची प्रत सगळ्यांच्या माहितीसाठी आली. 'आमच्या प्रणालीत कोणताही दोष आढळून आलेला नाही. सदर प्रकार वापरकर्त्याच्या हातून घडला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

सुनेने ते वाचलं, संगणक बंद केला, आणि घरी जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. सहीसकट.

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं की असं होईल?"

"होऊ शकेल हे ठाऊक होतं."

"मग सही का केलीस?"

"थकले होते, आई. भांडून भांडून थकले होते."

"थकलेली माणसं झोपतात. सही करत नाहीत." त्या एवढंच बोलल्या, पण ते असं लागलं की सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा मध्ये पडायला बघत होता, त्याला सासूबाईंनी नजरेनेच गप्प बसवलं. वाटाण्यांची वाटी भरली. मग त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "ते खुणेचं परत सांग. सावकाश."

सुनेने परत सांगितलं. सासूबाई ऐकता ऐकता सरळ होऊन बसल्या.

"अगं, हे तर आमच्या नक्कलखात्यातलं आहे! मी नवीन लागले तेव्हा दोन वर्षं तिथे होते. नोंदवहीच्या ज्या पानाची नक्कल करायची बाकी, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असायची. आमच्या हेडक्लार्कबाई पहिल्या दिवशी काय शिकवायच्या ठाऊक आहे? चिठ्ठी आधी काढा, मग नक्कल करायला बसा. नक्कल करताना कुणी मागच्या मागे पानावर ओळ वाढवली, तर तो नवी चिठ्ठी लावील, आणि तुम्हाला कळेल. नक्कल झाल्यावर चिठ्ठी काढलीत, तर त्याची नवी चिठ्ठीही तुम्हीच काढून फेकाल आणि ती ओळ मेली! बारावी नापास झालेल्या पोरींना हे दहा मिनिटांत कळायचं. तुमच्या त्या घाईसाहेबाला कळलं नाही?"

"कळलं होतं, आई. म्हणूनच तर राग येतोय."

चौकशीला सासूबाईंनी रीतसर अर्ज केला की यंत्राबद्दल सांगायला मला माझ्या पसंतीचा जाणकार हवा, आणि जाणकाराच्या रकान्यात सुनेचं नाव घातलं. चौकशी अधिकारी बाई जिल्ह्याबाहेरून आल्या होत्या. चेहरा असा, की कुणाला वाटावं यांना आयुष्यात कुणी विनोद सांगितला नसावा. त्यांनी अर्ज वाचून भुवई वर केली.

"या तुमच्या सूनबाई?"

"हो. आणि चुकीच्या कागदावर सही करणाऱ्यांपैकी एक," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही लिहून घ्या. मी लिहून घेतलं असतं."

रजिस्ट्रारांनी लगेच हरकत घेतली. घरच्या माणसाचा शब्द कसा मानायचा? सून म्हणाली, "माझा शब्द मानूच नका. फाइल तुमच्या ताब्यात आहे. तुमच्याच संगणक विभागातल्या कुणालाही बोलवा, आणि मी काय मोजायचं तेवढं सांगते. हात लावणार नाही."

संगणक विभागातला कारकून आला. त्याने फाइल उघडली, शून्यं मोजली, भोक कुठे संपतं ते पाहिलं, भागाकार केला. बाकी शून्य आल्यावर त्याने आपण होऊनच परत भागून पाहिलं.

"म्हणजे काय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

सून यंत्राची भाषा बोलायला लागली आणि दोन वाक्यांत अधिकारी बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा सासूबाई उठल्या. टेबलावरची एक नोंदवही त्यांनी ओढली, एका पानावर चिठ्ठी चिकटवली, आणि रजिस्ट्रारांना म्हणाल्या, "साहेब, तुम्ही नक्कल करा." रजिस्ट्रार नाइलाजाने लिहू लागले. त्यांची मान खाली असताना सासूबाईंनी मूळ पानावर तळाला एक ओळ वाढवली. नक्कल संपली, रजिस्ट्रारांनी सवयीने चिठ्ठी काढून टोपलीत टाकली.

"मी वाढवलेली ओळ नकलेत आहे का?" सासूबाईंनी विचारलं. "नाही. आणि नक्कल बाकी आहे हे आता कुणाला कळेल का? नाही. आता हे मूळ पान जाळा, म्हणजे यंत्र बंद झालं असं समजा. ती ओळ कुणी खाल्ली, साहेब? मी की तुम्ही?"

रजिस्ट्रारांनी टोपलीत वाकून ती चिठ्ठी परत काढली.

दुपारी शंकासुर आला. कंपनीने त्याला पाठवलेलं नव्हतं, त्याने एक दिवसाची रजा टाकली होती. कोर्टाच्याच एका यंत्रावर, अधिकारी बाईंच्या देखत, त्याने तो प्रोग्राम चालवला. चाळीस मिनिटांत दोन भोकं पडली. दोन्ही पानाच्या काठाला. अधिकारी बाईंनी विचारलं, "याला उपाय आहे?" सून म्हणाली, "होता. आम्ही काढून टाकला."

नऊ दिवसांनी निकाल आला. फिटरची साक्ष पुन्हा नोंदवण्यात आली आणि त्याने शब्दन् शब्द तेच सांगितलं. निलंबन मागे. पण पत्रात म्हटलं होतं, 'संशयाचा फायदा देऊन'. घरात नवऱ्याने आनंदाने हाक मारली, शेजारच्या काकू भेटायला आल्या, आणि सासूबाईंचा असा पारा चढला की काकू उंबऱ्यावरूनच परत फिरल्या.

"फायदा? मला फायदा कसला देतात? मी चोरी करून वाचले का? संशय होता तो यांना होता. त्याचा फायदा तोटा यांनी आपल्या घरी न्यावा. मला 'निर्दोष' हा शब्द हवा."

"आई, आता मिटलं ना," लेक म्हणाला.

"ती माझ्या हातांकडे बघत उभी राहिली होती. तुझ्या नाही."

त्या कामावर रुजू झाल्याच नाहीत. रोज सकाळी अकराला नीटनेटक्या होऊन रजिस्ट्रारांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसत, आणि पत्र दुरुस्त झालं का ते विचारून साडेपाचला परत येत. बाराव्या दिवशी दुसरं पत्र मिळालं. त्यात 'पूर्णतः निर्दोष' असं होतं. सासूबाईंनी 'पूर्णतः' हा शब्द अनावश्यक आहे असा शेरा मारला, पण पत्र घेतलं.

इकडे कंपनीत सुनेने दुरुस्ती घातली. प्रत्येक दुरुस्तीसोबत ती कशासाठी हे दोन ओळींत लिहायचं असतं. घाईसाहेबांनी 'कार्यक्षमतेत सुधारणा' असा मजकूर तयार ठेवला होता. सुनेने लिहिलं: 'पान उतरत असताना लिहिलेला मजकूर कायमचा नाहीसा होत होता. दोन वर्षांपूर्वीच्या ज्या बदलामुळे हे झालं, त्याला मी हरकत नाही अशी सही दिली होती. ती चूक होती.'

"हे बदला," घाईसाहेब म्हणाले. "सगळी गिऱ्हाइकं हे वाचतील."

"वाचावं म्हणूनच लिहिलंय."

"मी हे मंजूर केलं नाही तर?"

"तर चौकशीनंतर कोर्टाने कंपनीकडून जो खुलासा मागवलाय, त्यातला यंत्राचा भाग मीच लिहितेय; त्यात तेही लिहीन."

खाली तपासनीस म्हणून शंकासुराने सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कशावरून असं न विचारता केली. घाईसाहेबांनी मंजुरी दिली, आणि पुढच्याच आठवड्यात सुनेला कर्नेलवरून काढून माहितीपुस्तिका लिहिण्याच्या कामाला लावलं. तिने तो हुकूम नाकारण्याचा अर्ज केला आहे, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. घाईसाहेब त्याच खोलीत आहेत.

चौकशी अधिकारी बाईंनी मात्र एक गोष्ट केली. जिल्ह्यातल्या सगळ्या कोर्टांमधल्या, गेल्या दोन वर्षांतल्या जबान्यांच्या फायली तपासाव्यात, असा हुकूम काढला, आणि तपासायला सून आणि शंकासुर यांनाच नेमलं, कोर्टाच्या कारकुनाच्या देखरेखीखाली. काम अठरा दिवस चाललं. एकेचाळीस भोकं सापडली. काही बिनमहत्त्वाची, कुणाचा पत्ता, कुणाचं वय. काही मात्र तशी नव्हती. एका घटस्फोटाच्या खटल्यात बाईने सांगितलेली मारहाण गेली होती. आणि त्या एकेचाळीसांपैकी चार ठिकाणी कोर्टातल्या कुणा ना कुणा कर्मचाऱ्याला शिक्षा झाली होती. दोघांच्या बदल्या. एकाची बढती रोखलेली. आणि दुसऱ्या गावच्या कोर्टातली एक स्टेनो, कामावरून काढून टाकलेली.

तिचा फोन नंबर शोधायला सासूबाईंना चार दिवस लागले. रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला, आणि सुनेलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे एक दमलेला बायकी आवाज होता. सासूबाईंनी आपली ओळख दिली, मग काय झालं होतं ते समजावून सांगितलं, चिठ्ठीचं, खुणेचं, पानाच्या काठाचं, अगदी सावकाश.

"आहात ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे." मग ती म्हणाली, "बाई, मला तर आता असं वाटायला लागलं होतं की मीच पुसलं असेल. सगळे म्हणत होते. माझा नवराही म्हणत होता. मला आठवत नव्हतं, पण मला वाटलं, पुसलं असेल मी."

सासूबाईंनी फोन सुनेकडे सरकवला. सुनेने तो हातात घेतला, आणि आपण कोण, कुठे काम करतो, आणि कुठल्या कागदावर सही केली होती, ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.